न झालेल्या पार्किंगचा दंड

बँकेतून निवृत्त झालो तो २०१९ चा उन्हाळा. मुलीचा आग्रह मोडवेना म्हणून आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेलो. जूनमधल्या एका शनिवार-रविवारी जावई आम्हांला न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला एक तळे दाखवायला घेऊन गेले. तळे सुंदर होते, आता आठवत मात्र नाही. आठवतो तो परतीचा रस्ता. दोन्ही बाजूंना मक्याची शेते, मधूनच लाल रंगाचा एखादा गोठा, मैल मैल माणूस नाही. आणि एका उतारावर मागून लागलेले निळे-तांबडे दिवे.

पोलीस गाडीपाशी आला की आपण उतरून सामोरे जायचे, ही आपली रीत. मी दाराच्या कडीला हात घातला मात्र, जावई ओरडले, ‘‘बाबा, बसा! हात दिसतील असे ठेवा!’’ आठ वर्षांच्या जावईपणात ते माझ्याशी पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. पोलीस तरुण होता, सभ्य होता. ताशी ५५ मैलांची मर्यादा, आमची गाडी ७२ वर. त्याने आपल्या गाडीत बसून एक लांबलचक कागद छापून आणला, ‘‘सांभाळून जा’’ म्हणाला आणि गेला. पाच मिनिटांत सगळे आटोपले. खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली.

त्या कागदावर दोन पर्याय असतात. गुन्हा कबूल, किंवा नाकबूल. एकावर खूण करून, सही करून तोच कागद पंधरा दिवसांत टपालाने कोर्टाला धाडायचा. जावयांच्या कचेरीतल्या तमाम देशी मंडळींनी एकमुखाने सल्ला दिला की, कबूल करू नकोस. कबूल केलेस तर ९० ते ३०० डॉलर दंड, त्यावर ९३ डॉलर अधिभार, परवान्यावर गुण आणि पुढे विम्याचा हप्ता वाढणार तो वेगळाच. नाकबूल कर, तारीख मिळेल, जाऊन बोल, कमी करून देतात. त्यांनी नाकबूलवर खूण केली, कोर्टाचा पत्ता संगणकावर शोधला आणि पाकीट टाकून दिले.

महिना उलटला. माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, ‘‘पोच आली का?’’ आली नव्हती. ‘‘मूळ कागद पाठवलात, झेरॉक्स ठेवली असेल ना?’’ ठेवली नव्हती. सदतीस वर्षे मी ज्या प्रश्नांनी खातेदारांना छळले तेच प्रश्न जावयाला विचारताना मला संकोच वाटला, पण काळजी त्याहून मोठी होती. कारण कोर्टाला वेळेत उत्तर मिळाले नाही तर ते मोटार वाहन खात्याला कळवते आणि खाते गाडी चालवण्याचा हक्क निलंबित करते. निलंबनाची सूचना जुन्या पत्त्यावर गेली, हरवली, तरी निलंबन लागू होतेच. त्या अवस्थेत पुन्हा कुठे गाडी अडवली गेली, तर तो नुसता वाहतुकीचा नियमभंग राहत नाही, फौजदारी गुन्हा होतो. आणि जावई त्याच वर्षी नागरिकत्वाचा अर्ज भरणार होते.

मग आम्ही कोर्ट शोधू लागलो. वाचकांना हे विनोदी वाटेल, पण न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात कोर्ट शोधणे हे काम आहे. तिथे काउंटी असते, म्हणजे साधारण आपला जिल्हा. काउंटीचे भव्य, खांबांचे न्यायालय असते. तिथे फोन केला. बाईंनी नम्रपणे सांगितले, वाहतुकीची प्रकरणे आमच्याकडे येत नाहीत, ती गावांच्या कोर्टांकडे. अशी गावकोर्टे राज्यात सुमारे १,२०० आहेत. राज्याच्या न्यायालयांची जी संगणकीय यादी आहे तीत नाव घालून पाहिले, तर ही गावकोर्टे तीत नाहीतच. आणखी एक गंमत म्हणजे, तिथे ‘टाउन’ वेगळे आणि त्याच्याच पोटात त्याच नावाचे ‘व्हिलेज’ वेगळे असू शकते. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असावे तसे, फक्त बुद्रुक-खुर्द न म्हणता. दोघांची कोर्टे निराळी, न्यायाधीश निराळे, दप्तरे निराळी. जावयांनी टाउनचा कागद व्हिलेजला पाठवला होता.

व्हिलेजच्या कोर्टाचा फोन यंत्र घेई. कारकून बाई आठवड्यातून दोनच संध्याकाळी येतात असे ते यंत्र सांगे. तिसऱ्या खेपेला त्या सापडल्या. जावयांनी नाव सांगितले, तर त्या हसून म्हणाल्या, ‘‘तुमचा कागद ना? आमचा नाही हे दिसत होते, म्हणून खोक्यात वेगळा ठेवलाय. टाउनचे कोर्ट याच इमारतीत आहे, समोरच्या दारात. देते नेऊन.’’

बँकेत आमच्याकडे सस्पेन्स खाते असे. ज्या रकमेचा धनी लागत नाही ती तिथे पडून राहते. त्या बाईंच्या खोक्यात एका माणसाचा परवाना, विमा आणि नागरिकत्व असे पडून होते, आणि कागद ज्या दारात हवा होता ते दार वीस पावलांवर होते. बाईंना दोष द्यावा असे मला वाटले नाही, आजही वाटत नाही. त्यांनी तो कागद टाकून दिला नाही हेच पुष्कळ. पण आम्ही फोन केला नसता तर? आम्हांला फोन करायला वेळ होता, भाषा येत होती आणि घरात एक निवृत्त, रिकामटेकडा बँक अधिकारी होता.

ऑक्टोबरात एका बुधवारी संध्याकाळी सहाची तारीख पडली. मी हट्टाने बरोबर गेलो. कोर्ट म्हणजे गावसभेचे दालन. घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात झेंडा, भिंतीवर बर्फ उपसण्याच्या गाड्यांचे वेळापत्रक. न्यायाधीश चार वर्षांसाठी लोकांनी निवडून दिलेले. त्या राज्यात गावकोर्टाच्या न्यायाधीशाला वकील असण्याची सक्ती नाही. थोडे प्रशिक्षण घेतले की झाले. ही इंग्रजांच्या वसाहतीपासूनची परंपरा आहे आणि तिच्यावर टीकाही भरपूर झाली आहे. आमचे न्यायाधीश साठी उलटलेले, झगा घातलेले गृहस्थ होते. हाताची बोटे शेतकऱ्याची वाटली. समोर आलेल्या निम्म्या लोकांना ते नावाने ओळखत होते. याचे बरेवाईट दोन्ही परिणाम होत असणार, हे ज्याने लहान गावात शाखा चालवली आहे त्याला सांगायला नको.

आधी सगळ्यांना ओळीने सरकारी पक्षाच्या एका तरुण वकिलापुढे उभे केले. दर माणशी दोन मिनिटे. त्याने जावयांचा कागद पाहिला, आधीची नोंद नाही हे पाहिले आणि विचारले, ‘‘चुकीच्या जागी गाडी उभी केल्याचा आरोप मान्य करता का?’’ जावई गोंधळले. आमची गाडी उभी नव्हती, ती पळत होती हाच तर तंटा! पण तिथली रूढीच ती. वेगाचा आरोप मागे घ्यायचा, पार्किंगचा लावायचा. मग परवान्यावर गुण नाहीत आणि अधिभार कमी. गावाचाही यात तोटा नाही. वेगाचा दंड राज्याच्या तिजोरीत जातो, पार्किंगचा गावाच्या. न्यायाधीश दरमहा पहिल्या दहा दिवसांत राज्याच्या कंट्रोलरला पैशांचा हिशेब देतात. हिशेब चोख असतो, फक्त त्यातली घटना घडलेली नसते. मी आयुष्यभर कादंबऱ्या लिहिल्या, पण एवढ्या सर्वसंमतीने रचलेली कल्पित कथा मला कधी साधली नाही. आणि खोट्या नोंदीवर सही करताना पाहून माझ्यातला बँकवाला अस्वस्थ झाला तो झालाच.

पण माझा खरा आक्षेप कथेवर नाही. ती सवलत कुणाला मिळते, यावर आहे. जो नाकबूल म्हणतो, रजा काढतो, दीडशे मैल गाडी हाकत येतो आणि विचारतो, त्याला मिळते. जो निमूटपणे कबूल करून पैसे पाठवतो त्याच्या नावावर वेगाचा गुन्हा आणि चार गुण. म्हणजे प्रामाणिकपणे चूक मान्य करणाराच महागात पडतो. हे कुठल्या फलकावर लिहिलेले नसते. ते कचेरीतल्या मित्रांकडून कळते, आणि ज्याला असे मित्र नाहीत त्याला कळत नाही.

आमच्यानंतर एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, दुधाच्या गोठ्यावर काम करणारा, बुटांना सुकलेले शेण. आधीचा एक दंड भरलेला नव्हता म्हणून परवाना निलंबित, आणि त्या परवान्यावर गाडी चालवताना पकडलेला. न्यायाधीशांनी विचारले, इथे कसा आलास? तो गप्प. दालनातले सगळेच गप्प. त्या गावात बस नव्हती, रेल्वे नव्हती. तो गाडी चालवूनच आला असणार हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. न्यायाधीशांनी त्याला पुढची तारीख दिली आणि मान खाली घालून म्हणाले, ‘‘कुणाला तरी सोबत आण.’’

परतीच्या वाटेवर जावई खुशीत होते. मला मात्र १९८७ साल आठवत होते. मराठवाड्यातली एक शाखा, एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातले म्हशीचे कर्ज. म्हैस मेली. विम्याचा दावा करायचा तर मेलेल्या जनावराच्या कानातला बिल्ला आणून द्यावा लागे. ते त्या माणसाला कुणी सांगितले नव्हते. मीही नाही. त्याने म्हैस पुरली, बिल्ल्यासकट. दावा फेटाळला गेला, कर्ज थकले. मी नोटीस काढली. ती परत आली, शेरा होता ‘गावी नाही’. गावी कसा असेल? ऊसतोडीला गेला होता सहा महिने, बायकोपोरांसह. मी दुसरी नोटीस काढली, त्याच पत्त्यावर. तीही परत आल्यावर फाइलला लावली आणि पुढच्या कारवाईच्या कागदावर सही केली. नियमाने माझे काहीच चुकले नव्हते. निरीक्षणात माझ्या शाखेला त्या वर्षी चांगला शेरा मिळाला.

दंड वसूल करू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. बेफाम गाड्यांनी आपली किती घरे उजाड केली हे आपण रोज पाहतो. पण दंड हे कोणाचे उत्पन्न झाले की काय होते, हे अमेरिकेतच दिसले आहे. मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन या गावाबद्दल तिथल्या केंद्रीय न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. लोकवस्ती सुमारे २१,०००, आणि गावच्या कोर्टाने अटकेचे वॉरंट काढलेली माणसे १६,००० हून अधिक! न्यायापेक्षा वसुलीकडे लक्ष, असा त्या अहवालाचा ठपका होता. न्यूयॉर्क राज्याने मात्र धडा घेतला. केवळ दंड भरता आला नाही म्हणून परवाना निलंबित करायचा नाही आणि उत्पन्न पाहून हप्ते बांधून द्यायचे, असा कायदा २०२० च्या अखेरीस मंजूर झाला आणि जून २०२१ पासून लागू झाला. गोठ्यावरच्या त्या माणसापर्यंत तो वेळेत पोचला असेल का, हा विचार मी अनेकदा केला आहे.

जावयांनी नंतर त्या कारकून बाईंना पाच डॉलर आणि परतीचे पाकीट पाठवून निकालाचा दाखला मागवला. नागरिकत्वाच्या अर्जात पोलिसांनी अटक केली, ताब्यात घेतले किंवा नुसते चलान दिले, तरी सांगावे लागते. ५०० डॉलरांच्या आतल्या साध्या दंडाचे कागद जोडण्याची गरज नसते, पण जुनी प्रकरणे ठरावीक वर्षांनी नष्ट करण्याची मुभा कोर्टांना असते, तेव्हा मिळतो तोवर घेऊन ठेवा, हा माझा आग्रह. दाखला आठवड्यात आला. शिक्का उठावाचा, सही शाईची. चुकीच्या जागी गाडी उभी केली, दंड भरला. या वेळी त्यांनी तीन झेरॉक्स काढल्या.

आपल्याकडे आता ई-चलान आले आहे. कोर्ट शोधावे लागत नाही. गाडीचा क्रमांक आणि चॅसीचे शेवटचे चार अंक घातले की फोटोसकट सगळे समोर येते. हे मला त्या खोक्यापेक्षा नक्कीच बरे वाटते. पण संदेश जातो तो कागदपत्रांत नोंदलेल्या मोबाइलवर, आणि तो क्रमांक कितीदा जुना असतो, एजंटचा असतो, गाडी विकून गेलेल्या मालकाचा असतो. थकलेली चलाने लोकअदालतीत मिटवता येतात हेही पुष्कळांना ठाऊक नसते. ज्याला ठाऊक, त्याला वाट.

आमच्या कॉलनीच्या नाक्यावरचा एक रिक्षावाला रविवारी सकाळी माझ्याकडे येतो. पहिल्यांदा आला तेव्हा चॅसी नंबर कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून आणला होता. मी फोनवर पाहिले तर नऊ चलाने. आठ त्याचीच, त्याने मान्य केली. नवव्याच्या फोटोत रिक्षाच नव्हती, पांढरी मोटार होती. क्रमांकातला एक आकडा वाचताना चुकला असावा. आम्ही तक्रार टाकली, फोटो जोडला. मी तिची छापील प्रत काढून त्याच्या हातात दिली आणि एक स्वतःपाशी ठेवली. आज रविवार. येईलच तो एवढ्यात, आणि दारातूनच विचारेल, ‘‘साहेब, पोच आली का?’’