पाळणाघर किती वाजता बंद होते?

नवरा-बायको दोघे मुंबईत नोकरीला, मूल दोन वर्षांचे, बजेट साठ-सत्तर लाखांचे. अशा जोडप्याला आपल्यापैकी प्रत्येकाने बदलापूर, विरार, पनवेल नाहीतर डोंबिवलीची वाट दाखवलेली आहे. त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. कार्पेट किती, पझेशन कधी, कोणत्या बँकेचे कर्ज मिळेल, पार्किंग आहे का. आपण उत्तरे देतो, सॅम्पल फ्लॅट दाखवतो, टोकन घेतो. एक प्रश्न मात्र दोन्ही बाजूंनी राहून जातो, आणि माझ्या मते तो सगळ्यांत आधी यायला हवा. त्या भागातली पाळणाघरे संध्याकाळी किती वाजता बंद होतात, आणि आईबाबांपैकी जो आधी परततो तो त्या वेळेच्या आत तिथे पोचतो का?

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. आईचे ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात आहे असे धरू. सहाला ती निघाली, तर शेअर रिक्षा किंवा बस पकडून कुर्ला स्टेशनच्या पुलावर यायला साडेसहा. बदलापूरची गाडी तिच्या सोयीने येत नाही, आणि आली तरी पहिल्या गाडीत पाय ठेवायला मिळेलच असे नाही. पावणेसातची गाडी मिळाली तर बदलापूरला उतरायला आठला पाच-दहा मिनिटे कमी. मग रिक्षाची रांग, स्टेशनपासून तीन-चार किलोमीटरवरचे संकुल. सव्वाआठ वाजतात. पाळणाघर आठला बंद होत असेल तर हे घर त्या कुटुंबासाठी नाही, मग बाल्कनीतून डोंगर दिसो की खाली जलतरण तलाव असो.

त्याच बाईला डोंबिवलीचे घर लावून बघा. कुर्ल्याला तिला बदलापूरचीच गाडी हवी असे राहत नाही. कल्याण, अंबरनाथ, टिटवाळा, आसनगाव, कसारा, कर्जत यांपैकी बहुतेक कुठलीही फास्ट चालते. थांबायचा वेळ जवळजवळ संपतो, गाडीतली पंचवीस-तीस मिनिटे वाचतात. स्टेशनपासून चालत जाण्याजोगे घर असेल तर साडेसातच्या सुमारास ती मुलाला घेऊन घरात असते. नकाशावर दोन स्टेशनांमध्ये वीस किलोमीटरचे अंतर आहे: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली 48, बदलापूर 68. कुटुंबाच्या दिवसात ते अंतर पाऊण तासाचे होते, आणि तो पाऊण तास बरोबर पाळणाघराच्या दाराशी येऊन पडतो.

पुढे काय होते, हे आपण सौदा झाल्यावर पाहत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही. नाशिकहून किंवा साताऱ्याहून आजी येते, तिच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, सहा महिन्यांनी ती परत जाते. मग दोघांपैकी एकाची नोकरी सुटते, आणि ती बहुतेक वेळा आईचीच सुटते. बँकेने हप्ता ठरवला तो दोन पगार धरून. आता तो एका पगारातून जातो. तीन वर्षांनी तेच घर रिसेलला येते तेव्हा आपण 'ग्राहकाची घरगुती अडचण' असे म्हणून नवी नोंद करतो. ती अडचण पहिल्या साइट व्हिजिटला दिसण्यासारखी होती, आणि दाखवण्याचे काम आपले होते.

आपल्या व्यवसायाला 2016 च्या रेरा कायद्याने ओळख दिली. नोंदणी आली, 2023 साली महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. हे चांगलेच झाले. त्या अभ्यासाचा भर कायद्यावर आणि कागदपत्रांवर आहे, आणि तो तसाच असायला हवा. पण कुटुंबाला उपनगर निवडून देणे ही वेगळी विद्या आहे, आणि ती लोकलच्या वेळापत्रकाशिवाय येत नाही. आपल्याकडे 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हापासून या महानगराचा विस्तार रुळांनी ठरवला आहे. तरीही आपल्यातले बरेच जण ग्राहकाला रविवारी सकाळी गाडीत घालून साइटवर नेतात. रविवारचा रस्ता हे त्या घराचे खरे वर्णन नव्हे. मंगळवारी सकाळी पावणेआठला त्याच स्टेशनवरून ग्राहकाने, आणि त्यातही घरातल्या बाईने, एकदा गाडी पकडून ऑफिस गाठावे आणि संध्याकाळी परत यावे. त्याआधी टोकन घेऊ नये. हा आग्रह आपण धरला तर काही सौदे मोडतील. मोडू द्यावेत.

गाडी पकडण्यातही प्रकार आहेत, आणि ते बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. गाडी जिथून सुटते तिथे बसायला जागा मिळण्याची शक्यता असते, मधल्या स्टेशनला ती कमी होत जाते. म्हणून अंबरनाथची माणसे आधी उलटी बदलापूरला जाऊन जागा धरून येतात. कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने आजही मुख्यतः दोनच मार्ग आहेत आणि त्यांवरूनच पुण्याच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्याही जातात. एक गाडी रखडली की मागे सगळे रखडते. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचे काम होईल तेव्हा चित्र बदलेल, आज ते तसे आहे. विरारला चार मार्ग आहेत, गाड्या तिथूनच सुटतात, पण मधल्या मीरा रोड-भाईंदरच्या माणसाला त्या गाड्यांत चढणे किती अवघड हे तिथल्या कोणालाही विचारावे. पनवेलची हार्बर प्रत्येक स्टेशनवर थांबते आणि सीएसएमटीला पोचायला सुमारे एक तास वीस मिनिटे घेते. मात्र ऑफिस वाशी-बेलापूरला असेल तर पनवेल-खारघरसारखी सोय दुसरी नाही.

9 जून 2025 च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लटकणारी माणसे चालत्या लोकलमधून खाली पडली, किमान चौघांचा जीव गेला. त्या गाड्यांत ज्यांना आपण घरे विकली अशी माणसे रोज असतात. 'गर्दी काय, सवय होते' हे वाक्य मी या व्यवसायात फार ऐकले आहे. ते ग्राहकापुढे उच्चारू नये अशी माझी विनंती आहे.

दोघांची ऑफिसे दोन दिशांना असणे ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. एक सीप्झला, दुसरे ऐरोलीला. शिवाय नोकरी चार-पाच वर्षांत बदलते, कर्ज वीस वर्षांचे असते. म्हणून मी जंक्शनच्या बाजूचा आहे. ठाणे परवडत नसेल तर कल्याण, पलीकडे पनवेल. जिथून दोन-तीन दिशांना गाड्या निघतात तिथल्या घरात नोकरी बदलली तरी कुटुंब टिकते. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरच्या जुन्या इमारतीतला साडेचारशे चौरस फुटांचा वन बीएचके हा लहान मूल असलेल्या, दोघेही नोकरी करणाऱ्या घरासाठी दूरच्या टू बीएचकेपेक्षा चांगला, असे माझे स्पष्ट मत आहे. यात आपली अडचण मला माहीत आहे. नव्या प्रकल्पात बिल्डरकडून मिळणारे कमिशन बहुधा रिसेलच्या दलालीपेक्षा जास्त असते, आणि जुन्या इमारतीच्या सोसायटीची कागदपत्रे जमवताना जीव मेटाकुटीला येतो. तरीही ज्याला कुटुंबाचा सल्लागार म्हणवून घ्यायचे आहे त्याने ते करावे.

बदलापूरच्या वाचकांनी याचा राग मानू नये. आई घरून काम करते, वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत आहेत, आजोबा-आजी सोबत आहेत अशा कुटुंबाला मी डोळे झाकून बदलापूर सांगेन. हवा मोकळी, शाळा जवळ, पैशात जागा मोठी. उलट डोंबिवलीचीही सगळी बाजू सांगायला हवी. तिथे एमआयडीसीच्या कारखान्यांना खेटून घरे आहेत, आणि मे 2016 व मे 2024 मधल्या स्फोटांत माणसे मेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. घर त्या पट्ट्यात असेल तर ग्राहकाला ते आपल्या तोंडून कळले पाहिजे, शेजाऱ्याच्या नव्हे.

जाहिरातीतल्या भविष्याबद्दल थोडे अधिक बोलणे भाग आहे. नवी मुंबईच्या पहिल्या मेट्रो मार्गाची पायाभरणी 2011 साली झाली आणि बेलापूर-पेंधर गाडी धावली ती 17 नोव्हेंबर 2023 रोजी. विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी 2018 मधली, उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 चे, आणि त्याच्या नावाने घरे विकली जात होती ती त्याच्याही कितीतरी आधीपासून. 2011 साली ज्याचे मूल बालवाडीत होते त्याने मेट्रो येणार म्हणून घर घेतले असेल, तर मेट्रो आली तेव्हा ते मूल दहावी ओलांडून गेले होते. प्रकल्प खोटे होते असे मी म्हणत नाही. अटल सेतू झाला, उरणची रेल्वे झाली, दोन्ही जानेवारी 2024 मध्ये सुरू झाले. पण मुलाचे बालपण प्रकल्पासाठी थांबत नाही. कल्याण-तळोजा मेट्रो, बदलापूरची मेट्रो, ऐरोली-कळवा जोडमार्ग, यांतले काहीही आज ग्राहकाच्या येण्याजाण्याच्या हिशेबात धरू नये. झाले तर तो लाभ. आजचा दिवस आजच्या गाड्यांवर निभतो का, एवढेच पाहावे.

कागदपत्रांबाबत या अंकात स्वतंत्र लेख आहेच, तरी एक गोष्ट इथे सांगतो. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून 65 इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत राहणाऱ्यांनी रेरा क्रमांक पाहूनच पैसे भरले होते. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवरच्या 41 इमारती 2025 च्या सुरुवातीला जमीनदोस्त झाल्या. तेव्हा क्रमांक बघून थांबणे पुरेसे नाही. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात तिची खातरजमा आपण स्वतः करावी, आणि विकास आराखड्यात त्या सर्व्हे नंबरवर आरक्षण आहे का ते पाहावे. एका दुपारचे काम आहे.

पाण्याचेही दोन्ही अंगांनी पाहावे. नळाला किती वेळ येते, उन्हाळ्यात महिन्याला किती टँकर लागतात, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये किती चढतो, हे सोसायटीच्या हिशेबाच्या वहीत दिसते. ती मागून घ्यावी. वसई-विरारला सूर्या प्रकल्पातून वाढीव पाणी आले, पण ते त्या गल्लीच्या टाकीत येते का, हा प्रश्न वेगळा. आणि नदीचे पाणी. 27 जुलै 2019 रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. पंचवीस वर्षांतल्या मोठ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभाग आखतो. उल्हासकाठचा प्लॉट दाखवताना तो नकाशा आपल्या फायलीत असलाच पाहिजे. पार्किंगमध्ये कमरेएवढे पाणी येते हे ग्राहकाने पहिल्या पावसाळ्यात शोधून काढावे, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे.

एक सल्ला आपल्या धंद्याच्या विरुद्ध वाटेल, तरी देतो. नवख्या भागात जाणाऱ्या कुटुंबाला आधी अकरा महिने भाड्याने राहायला सांगावे. लीव्ह अँड लायसन्सच्या कामात आपल्याला एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली मिळते, फार तर. पण त्या अकरा महिन्यांत एक पावसाळा येतो, एक उन्हाळा येतो, शाळेचा एक प्रवेश येतो, मूल तापाने फणफणलेली एक रात्र येते आणि जवळचा बालरोगतज्ज्ञ किती दूर आहे ते कळते. त्यानंतर ते कुटुंब त्याच भागात घर घेईल तेव्हा कोणाकडे येईल, हे मी सांगायला नको.

पुढच्या अंकापासून आपण दर महिन्याला एकेका स्टेशनचा तक्ता छापणार आहोत. सुरुवात कल्याणपासून. त्यासाठी तुमची मदत हवी. आपापल्या स्टेशनची माहिती कळवताना गाडीचे वेळापत्रक पाठवू नका, ते सगळ्यांकडे आहे. एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला स्टेशनबाहेर रिक्षासाठी प्रत्यक्ष किती वेळ उभे राहावे लागले, चालत जाण्याच्या अंतरात कोणकोणती पाळणाघरे आहेत, ती किती वाजता बंद होतात, उशीर झाल्यास मुलाला ठेवून घेतात का आणि त्याचे जादा पैसे किती घेतात, रात्री नऊनंतर स्टेशन ते घर या वाटेवर दिवे असतात का, पालिकेच्या दवाखान्यात मुलांचे डॉक्टर कोणत्या दिवशी येतात, एवढे लिहा. माहिती स्वतः जाऊन घेतलेली असावी, आणि शक्य असेल तर त्या भागात राहणाऱ्या, रोज गाडीने जाणाऱ्या एखाद्या आईकडून तपासून घेतलेली असावी. तक्ते महिन्याच्या 20 तारखेपर्यंत पोचले तर पुढच्या अंकात घेता येतील.