तंबूतली रात्र, गोल्फची सकाळ

मुलगा चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरीला असल्याने वर्षातले काही आठवडे मी सिंगापुरात असतो. तो परवाना काढतो आणि आम्ही जवळच पासिर रिसच्या समुद्रकाठी तंबूत राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गोल्फ. "या वयात हे कशाला?" असे आपली मंडळी विचारतात. माझे मत, घरी बसून गुडघे आखडवण्यापेक्षा हे बरे. अठरा होलच्या डावात सहा-सात किलोमीटर चालणे होते; आपल्याला नऊ पुरेत, पण गाडीत न बसता.

मात्र जमिनीवर झोपून कंबर आखडते. उठल्याउठल्या स्टिक फिरवू नये; आधी पंधरा मिनिटे चालावे, मग हलके फटके मारावेत. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असाल, तर पाणी किती प्यावे हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. सिंगापुरात वर्षातले दीडशेहून अधिक दिवस ढग गडगडतात. विजेचा भोंगा वाजताच डाव सोडा; झाडाखाली किंवा तंबूत नव्हे, पक्क्या इमारतीत जा.

गोल्फ न खेळणाऱ्यांनीही सहलीला जाताना हे ध्यानात ठेवावे.