औषध ठेवायचे कुठे?

कर्करोगावरच्या इमॅटिनिबसारख्या गोळ्यांवर लिहिलेले असते, ३० अंशांखाली ठेवा. ट्रास्टुझुमॅबच्या इंजेक्शनला तर २ ते ८ अंश लागतात, आणि गोठले तरी ते वाया जाते. इकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ वर जातो, पत्र्याखालच्या घरात जीव भाजतो, भारनियमन वेगळेच. वर पेशंटलाच विचारतात, "औषध नीट ठेवले नाही का?"

आमचा उलट सवाल आहे : ठेवायचे कुठे? ज्यांना गावकुसाबाहेर पत्र्याखाली ठेवले, त्यांच्याच माथी अडाणीपणाचा शिक्का का?

सरकारला हे जमत नाही असे कोणी सांगू नये. लसींसाठी हीच २ ते ८ अंशांची शीतसाखळी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचलेली आहे. लसींचा फ्रिज लसींनाच राहू द्या. शेजारी कर्करोगाच्या औषधांसाठी दुसरा ठेवा. इंजेक्शन डोसच्या दिवसापर्यंत तिथेच राहील, गोळ्या उन्हाळ्यात आठवड्यापुरत्याच मिळतील.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. आम्ही उपकार मागत नाही, त्या कर्तव्याचा हिशेब मागतो आहोत.

जय भीम!