चारोळीखालचा इतिहास

१/ दक्षिण इटलीत, विशेषतः सिसिलीत, एक बिस्कीट पिढ्यान्‌पिढ्या आवडीने खाल्ले जाते. बदामाचा लगदा, साखर आणि अंड्यातील पांढरा भाग एकत्र मळून त्याचे गोळे पाइनच्या बियांत घोळवतात आणि भाजतात. या बिया म्हणजे आपल्या चिलगोज्याच्या भावंडांपैकीच. हा पदार्थ तेथे ‘पारंपरिक’ मानला जातो.

२/ पण सिसिलीत ऊस पोहोचला तो नवव्या शतकानंतर, अरबांच्या राजवटीत. आणि उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतातून इराणमार्गे अरबांकडे गेली होती.

३/ आता आपली नानकटाई पाहा. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. ‘खताई’चा संबंध बहुतेक अभ्यासक ‘खता’शी, म्हणजे चीनच्या जुन्या नावाशी जोडतात. सुरतेतील डचांची भट्टी पारशी कारागिराकडे आली आणि तेथे ती घडली, अशी कथा सांगितली जाते. तिच्या माथ्यावर मात्र चारोळी आहे, आपल्या रानातली.

४/ दिवाळी आली की दोन संदेश फिरू लागतात. एक म्हणतो, नानकटाई हजारो वर्षांची आहे. दुसरा म्हणतो, ती आपली नव्हेच. माझ्या मते दोन्ही भूमिका इतिहासाला पाठ दाखवतात. मूळ परके असले म्हणून आपलेपण उणे होत नाही, आणि आपलेपण सिद्ध करण्यासाठी खोटे प्राचीनत्व लागत नाही.

५/ राहुरीचेच उदाहरण घ्या. उसाचे शिवार ही या तालुक्याची ओळख. पण प्रवरेच्या पाटपाण्याला आधार देणारे भंडारदरा धरण पूर्ण झाले १९२६ मध्ये. ज्याला आपण ‘पूर्वापार’ म्हणतो, त्याचे वय शंभरीच्या आसपास. म्हणून ते खोटे ठरते काय?

६/ ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न वादाला तोंड फोडतो. ‘हे कोणाच्या हातांनी घडले?’ हा प्रश्न इतिहासाला. पीठ-तुपाचे डबे घेऊन भट्टीपुढे रांगेत बसणाऱ्या बायका, रात्रभर भट्टी सांभाळणारे कामगार, रानात चारोळी वेचणारी आदिवासी कुटुंबे: प्राचीनत्वाच्या दाव्यात यांपैकी कोणालाच जागा नसते.

७/ म्हणून परंपरेचा अभिमान जरूर बाळगा. मात्र तिचे वय विचारायला लाजू नका. वय सांगितल्याने नानकटाईची गोडी कमी होत नाही.