पट्टी जुनी, ट्यूब नवी

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या कापडाच्या गोदामातील एक ट्यूब बंद पडलेली आढळली. पुतण्याने बाजारातून नवी एलईडी ट्यूब आणली, शिडीवर चढून ती जुन्या पट्टीत बसविली आणि बटण दाबले. फट् असा आवाज झाला, होल्डरपाशी ठिणगी उडाली आणि एमसीबी पडून गोदाम अंधारले. "काका, ट्यूबच सदोष निघाली," असे तो म्हणाला. खाली सुती ताग्यांची थप्पी होती. एमसीबी पडला नसता तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी वायरमनने पट्टी उघडली तेव्हा उलगडा झाला. ट्यूब निर्दोष होती. ती उलटी बसली होती.

जुन्या ट्यूबमधील वायू एकदा पेटला की त्यातून वाहणारा प्रवाह वाढत जातो. त्याला आवर घालण्यासाठी चोक आणि पेटवण्यासाठी स्टार्टर लागतो. एलईडी ट्यूबच्या पोटात तिचे स्वतःचे सर्किट असते. तिला या दोहोंची गरज नसते. म्हणून वायरमन पुष्कळदा चोक व स्टार्टर काढून फेज आणि न्यूट्रल दोन्ही पट्टीच्या एकाच टोकाला जोडतात. आमच्या पट्टीत पूर्वी तसेच केलेले होते. मात्र अनेक ट्यूबच्या एकाच टोकाला वीज घ्यावयाची असते आणि दुसऱ्या टोकाच्या दोन पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. ते टोक विजेच्या बाजूला गेले की थेट शॉर्ट! ट्यूबच्या टोकावर बारीक अक्षरांत खूण असते, पण शिडीवर उभे राहून ती कोण वाचतो?

काही ट्यूब दोन्ही टोकांना वीज घेणाऱ्या असतात. त्यांची जोडणी निराळी. काही चोक तसाच ठेवून, स्टार्टरच्या जागी ट्यूबबरोबर मिळणारा खोटा स्टार्टर बसवून चालतात. इलेक्ट्रॉनिक चोकच्या पट्टीत भलतीच ट्यूब घातल्यास ती जळू शकते. तेव्हा दुकानदाराला विचारण्याचा प्रश्न किमतीचा नव्हे, तर "हिची जोडणी कशी?" हा आहे.

जुन्या इमारतींत आणखी एक दोष हमखास सापडतो. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असते. मग दिवा बंद केल्यावरही एलईडी मंद मिणमिणत राहते, आणि बटण बंद असूनही पट्टीत फेज जिवंत असतो. ट्यूबला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, तो याचसाठी.

बदल करावा की नाही, याविषयी मात्र शंका नको. चार फुटी जुनी ट्यूब 36 ते 40 वॅटची, त्यावर साधा चोक दहा-बारा वॅट खातो. एलईडी सुमारे 20 वॅटची. एका ट्यूबमागे 30 वॅटच्या आसपास बचत धरली तर वीस ट्यूब, रोज दहा तास, वर्षाचे 300 दिवस, असे 1800 युनिट होतात. दहा रुपये दर धरल्यास 18000 रुपये. पुढे ज्याने त्याने आपल्या बिलावरचा दर घालून पाहावा.

कापडाच्या व्यापाऱ्यांनी रंगाकडेही लक्ष द्यावे. 6500 केल्विनच्या निळसर प्रकाशात मोतिया रंगाची साडी पांढरी भासते आणि गिऱ्हाईक घरी जाऊन तक्रार करते. आम्ही दुकानात 4000 केल्विनच्या, रंगदर्शनांक 90 असलेल्या ट्यूब लावल्या, गोदामात साध्या. पावसाळ्यात दिव्याभोवती गोळा होणारे किडेही कमी झाले, कारण एलईडीच्या प्रकाशात अतिनील किरण जवळजवळ नसतात.

उतरविलेल्या जुन्या ट्यूब फोडू नयेत. प्रत्येकीत थोडा पारा असतो. काच फुटली की त्याची वाफ घरात पसरते. ई-कचरा नियमांत या ट्यूबचा समावेश आहे, म्हणून त्या भंगारवाल्याच्या पोत्यात न घालता ई-कचरा संकलन केंद्राकडेच द्याव्यात.

आमच्या गोदामातील प्रत्येक पट्टीवर आता एक चिठ्ठी डकवलेली आहे: "चोक काढला आहे. जुनी ट्यूब लावू नये. वीज या टोकाला." चोक काढलेल्या पट्टीत कुणी नकळत जुनी ट्यूब लावली, तर तिच्या नाजूक तारेवर पूर्ण 230 व्होल्ट येतात. अक्षर पुतण्याचेच आहे, आणि बाणही त्यानेच तांबड्या शाईने काढला आहे.