बंदुकीची पावती

टिकल्यांच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, ही सरकारची मोठीच मेहेरबानी म्हणायची! २०२४ च्या दिवाळीत आम्ही हट्ट्याला मामांकडे गेलो होतो, आणि आमच्या चिरंजीवांनी नरकचतुर्दशीच्या पहाटेपासून वाड्यात जो गोळीबार मांडला, तो पाहून मामा म्हणाले, "उडव बाबा, उडव. गावात आचारसंहितेबाहेरची एवढी एकच बंदूक ऱ्हायली."

हट्टा हे वसमत तालुक्यातले, हिंगोली जिल्ह्यातले गाव. नावावरून वाचकांनी काही तर्क केला तर मी त्यांना दोष देणार नाही. निदान आमच्या मामांना ते नाव शोभून दिसते. विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला होती, आणि मामांची दुनळी पोलीस ठाण्यात जमा होती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका जमा करण्याच्या नोटिसा निघतात. मामांचे त्याबद्दल काही म्हणणे नाही. नुकताच हरभरा पेरलेला, बाजूला उभा ऊस, आणि रात्री रानडुकरांचा कळप, एवढेच त्यांचे म्हणणे. ते डुक्कर मारीत नाहीत. हवेत बार काढतात. त्या पंधरवड्यात ते पत्र्याचा डबा वाजवीत बसले होते. डुकरांना आचारसंहिता ठाऊक असावी, कारण ती डब्याला भीत नव्हती.

पण मामांचे खरे दुखणे निराळे. त्यांच्याकडे पूर्वी तीन बंदुका होत्या. एक दुनळी, एक निपुत्रिक चुलत्याकडून आलेली, आणि तिसरी आजोबांची ठासणीची. तिला कुणी फारसे वाजवीत नसे, पण दसऱ्याला तिची पूजा होई आणि उरलेले वर्ष ती माजघरातल्या खुंटीवर असे. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्याची दुरुस्ती झाली. १९५९ च्या कायद्याने माणशी तीन बंदुका ठेवता येत होत्या, त्या दोनावर आल्या. वडिलोपार्जित असली तरी सवलत नाही. जादा असेल ती वर्षाच्या आत जमा करावयाची. (परवान्याची मुदत तेवढी तीन वर्षांची पाच झाली. लग्नात हवेत बार काढणाऱ्या हौशी वऱ्हाड्यांना दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशीही तरतूद झाली, आणि ती योग्यच झाली.) मामांनी ठासणीची दिली. पावती घेतली. ती पावती देव्हाऱ्याच्या फडताळात आहे.

पाडव्याच्या दुपारी ओसरीवर पानदान पुढे ओढून मामांनी मला विचारले, "ताई, तू शिकलेली. मला एकच सांग. त्या कायद्याच्या येळेला आपल्या मानसानं हो मनलं का न्हाई?"

आपला माणूस म्हणजे मतदारसंघाचा खासदार. मी म्हटले, "त्यात काय! नोंद असणारच. बघून सांगते."

मराठीच्या प्राध्यापिकेला कागदपत्रे धुंडाळण्याचा सराव असतो. मी शोधले. विधेयक लोकसभेत ९ डिसेंबर २०१९ ला संमत झाले, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. मूळ मसुद्यात माणशी एकच बंदूक होती. आक्षेप आल्यावर सरकारनेच ती संख्या दोन केली. भाषणे छापलेली आहेत, कोण काय बोलले ते सापडते. पण मत? लोकसभेत विधेयक "आवाजी मतदानाने संमत करण्यात आले." आता या वाक्यात कर्ता शोधा पाहू! वर्गात मी मुलांना सांगते, "करण्यात आले" लिहू नका, ती कचेरीची भाषा. कुणी केले ते लिहा. इथे तर लिहायलाच कुणी नाही. अध्यक्ष प्रश्न टाकतात, सभागृहातून "हो"चा आणि "नाही"चा गलका उठतो, आणि ज्याचा आवाज मोठा वाटला त्याचे बहुमत. गलक्याला नाव नसते.

नियम नाही असे नाही. अध्यक्षांच्या निर्णयाला एखाद्या सदस्याने हरकत घेतली तर मतविभागणीची मागणी करता येते. मग साडेतीन मिनिटे घंटा वाजते, आणि कोण कुठल्या बाजूला ते नावानिशी उरते. त्याच ९ डिसेंबरला लोकसभेत नागरिकत्वाच्या विधेयकावर मध्यरात्र उलटेपर्यंत चर्चा चालली, आणि तिथे मात्र मतविभागणी झाली: ३११ विरुद्ध ८०. बंदुकीच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

मी हे मामांना सांगितले. त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारले, "मंग पहिल्यापासून असंच हाय का?"

पहिल्यापासून! या प्रश्नाने मी १९४८ त जाऊन पोचले. शस्त्रे बाळगण्याचा हक्क हा कधी काळी राष्ट्रीय चळवळीचा विषय होता. लिटनसाहेबाच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातून शस्त्र काढले आणि गोऱ्याला सूट दिली, हे शल्य जुने. १९३१ साली कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांना धरून का होईना, हा हक्क आला. पुढे घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे हरि विष्णू कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार आणावे, तर राज्य चालायचे कसे, असा त्यांचा सवाल होता. शस्त्र हा व्यक्तीचा हक्क नव्हे, राज्यावर संकट आले तर ते कर्तव्य. सूचना फेटाळली गेली. घटनेत शांततेने जमण्याचा हक्क आला, तो "विनाशस्त्र" या शब्दासह.

मला स्वतःला बाबासाहेबांचे पटते. मामांनाही पटले, हे नवल! पण तारीख ऐकून ते थांबले. डिसेंबर १९४८ चा पहिला आठवडा. हैदराबादची पोलीस कारवाई होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. रझाकारांच्या बंदुकांच्या भीतीने आजोबा रात्री ज्वारीच्या पिकात पोरेबाळे घेऊन निजत, ही आमच्या घरची गोष्ट. बंदूक कुणाच्या हाती असावी हे ज्यांना सर्वांत जवळून कळले होते, त्या हैदराबाद संस्थानचा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता.

"मंजे तवा आपला मानूसच नव्हता," मामा म्हणाले, "आन् आता हाय तर त्याचा आवाज वळखू येत न्हाई."

आमच्या ह्यांनी मध्येच अमेरिकेची गोष्ट काढली. तिथे बंदुकीचा हक्क १७९१ पासून घटनेतच आहे, आणि प्रत्येक सभासदाने कधी कुठे मत दिले याची यादी लोक तोंडपाठ सांगतात. बंदूकवाल्यांची एक बलाढ्य संस्था तर उमेदवारांना शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी श्रेणी देते. जून २०२२ मध्ये टेक्सासातल्या शाळेतल्या हत्याकांडानंतर तिथे कायदा झाला, तेव्हा सेनेटात ६५ विरुद्ध ३३. त्या ९८ जणांची नावे कुणालाही वाचता येतात. त्यांच्या बंदुका मला नकोत. शाळेत जाणारे मूल घरी येईल की नाही ही धास्ती तर नकोच नको. यादी मात्र हवी.

हे म्हणाले, "यादी मिळून काय उपयोग? १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षाचा आदेश मोडला तर खासदारकी जाते. यादीत पक्षच दिसणार."

"दिसू द्या की," मामा म्हणाले. "आदेश होता मनून हो मनलो, असं माझ्यापुढं येऊन सांगावं. मी काय खातो का त्याला?"

मला एवढेच वाटते की मतपेटीपाशी माझे मत गुप्त राहते ते मला कुणाची भीती वाटू नये म्हणून. तिथे निवडून गेलेल्याने माझ्यापासून आपले मत झाकायचे कारण मला तरी सापडलेले नाही. मामांच्या बंदुकीची पावती आहे. तिच्यावर नाव आहे, क्रमांक आहे, तारीख आहे, घेणाऱ्याची सही आहे.

भाऊबिजेच्या संध्याकाळी प्रचाराची गाडी दारात आली. मामांनी कार्यकर्त्यांना चिवडा दिला, चहा दिला, आणि हाच प्रश्न विचारला. त्यातला एक तरुण प्रामाणिक निघाला; म्हणाला, "बाबा, हे इलेक्शन मुंबईचं आहे, दिल्लीचं नाही."

"मंग मुंबईत नावं लिवून घेतेत का?"

तरुणाने चिवडा संपवला.

ते गेल्यावर चिरंजीव माजघरातून आकाशकंदील घेऊन आले. वाऱ्याने तो ओसरीत टिकत नव्हता, म्हणून आदल्या दिवशी कुणीतरी आजोबांच्या खुंटीला अडकवला होता. मुलाने विचारले, "आजोबा, एवढी मोठी खुंटी कशाला आहे?" मामा उठले, फडताळातून पावती काढली, आणि चष्मा लावून त्याला ती पहिल्या ओळीपासून वाचून दाखवू लागले.