पाणचट म्हणता म्हणता

झी मराठीवरचा 'चला हवा येऊ द्या' २०१४ साली सुरू झाला आणि मार्च २०२४ मध्ये थांबला. आमच्या नरखेडकडे तेव्हा दोनच मतं ऐकू आली. "बरं झालं, पाणचटच झालं होतं" आणि "आता जेवताना पाहाचं काय?" गंमत म्हणजे दोन्ही एकाच तोंडची!

तक्रार खोटी नव्हती. पाहुणे नट आपल्या सिनेमाची जाहिरात करून जात, पुरुषांनी साडी नेसून हसवणं तर फारच ताणलं गेलं. दोन वर्षं आधीच थांबायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मंडळी, भारत गणेशपुरे तिथे वऱ्हाडी बोलत. आमची पोरं पुण्याला शिकायला गेली की 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' गिळून टाकतात. तेच बोलणं अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं (हसूनच ऐकलं म्हणा, पण ऐकलं). आणि सागर कारंडेंचा पोस्टमन अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचू लागला की हसणारं घर गप्प होई. संत्र्याची गळ सोसलेला बागाईतदार त्या वेळी डोळे पुसताना मी पाहिला आहे.

असो. जुलै २०२५ मध्ये कार्यक्रम परतला. सूत्रसंचालक निलेश साबळेंऐवजी अभिजीत खांडकेकर, भाऊ कदमही नाहीत. लगेच सुरू झालं, "पहिल्यासारखी मजा नाही." ज्याला पाणचट म्हणत होते तीच ही मजा! गणेशपुरे मात्र होते. मी तेवढ्यासाठी टीव्ही लावला.